यंदा मोहाले वास नाई

१४ जून १९९४, मंगळवार. एटापल्लीचा बसथांबा, सकाळची पहिली गाडी. हजर: अब्बा, अम्मी, धाकटा भाऊ रफीक, शेजारचे पोचूभाऊ आणि पोचूभाऊंची सायकल, कारण माझी ट्रंक तिच्यावरूनच आली होती. गैरहजर: सोमीबाई.

जो आला नाही त्याचं नाव आधी टिपायचं, ही माझी सवय. सोमीबाई आतल्या एका पाड्यावरची माडिया बाई. माझ्या जन्माआधीपासून अब्बांना मोहफुलं, चारोळी, हिरडा विकायची. मी अहेरीच्या वसतिगृहात शिकायला जायची तेव्हा दर खेपेला ती थांब्यावर यायची आणि पानाच्या द्रोणात मूठभर चारोळी हातात द्यायची. बोलणं फारसं नसायचं. त्या दिवशी मी कायमची हैदराबादला चालले होते, आणि ती आली नाही. का आली नाही ते सगळ्यांना माहीत होतं. अब्बा दोनदा जंगलाच्या रस्त्याकडे बघून आले आणि म्हणाले, "वो नहीं आएगी."

अम्मी म्हणाली, "आप ही ने तो भगाया."

गाडी सुटताना अब्बांनी मला आशीर्वादाऐवजी धंद्याची सूचना दिली. "हर थैली में नीचे तक हाथ डालना." वरचा माल बघून भुलायचं नाही, पोत्याच्या तळापर्यंत हात घालायचा. आमच्या घरात संशय हा अवगुण मानला जात नसे. तो तराजूसारखा होता, रोज लागायचा.

हैदराबादमध्ये मामूंनी माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं. एका संशोधन संस्थेत भांडारपाल. काचेची भांडी, रसायनं, उंदरांचं खाद्य, हातमोजे, जे येईल ते तपासून घ्यायचं आणि सही घेऊन द्यायचं. एटापल्लीच्या मुलीला हे काम सोपं गेलं. बाटलीचं सील मी दोनदा बघते. दुधाची पिशवी हलवून बघते. सोसायटीच्या वॉचमनने "मॅडम, पाणी चालू आहे" म्हटलं तरी नळ उघडून खात्री करते. लग्न इथेच झालं, मुलं इथलीच. नवरा म्हणतो, तू माणसांनाही बॅच नंबर विचारशील.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच गाव सोडून गेले त्यांना हे माहीत असेल: गाव सुटतं, पण गावातलं एखादं भांडण सोबत येतं. माझ्यासोबत आलं ते मोहाचं.

मार्च-एप्रिलमध्ये, मोहाच्या हंगामात, एटापल्लीला गल्लीगल्लीत वास असतो. गोड, जड, थोडा डोक्यात जाणारा. पहाटे बायका झाडाखाली फुलं वेचतात, अंगणात वाळवतात आणि बाजाराला आणतात. अब्बांकडे खरेदीचा परवाना होता. त्यांनी जन्मात मोहाच्या दारूला हात लावला नाही, पण फूल ओळखावं तर त्यांनी. चार फुलं उचलायची, अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायची, नाकाशी न्यायची. ताजं वाळलेलं फूल कोणतं, मागच्या वर्षीचं कोणतं, ओल धरलेलं कोणतं, एका श्वासात सांगायचे. दुसरे व्यापारी त्यांच्या तोंडाकडे बघून भाव ठरवायचे. सोमीबाईचा माल मात्र ते चोळतही नसत. थेट पायलीनं मापून घेत.

१९९४च्या हंगामात ते पहिल्यापासून एकच म्हणत होते, "यंदा मोहाले वासच नाई." आम्हाला वाटलं, पाऊस कमी-जास्त झाला असेल. मग म्हणू लागले की बाया जुना माल मिसळून राह्यल्या. एका बाजाराला त्यांनी सोमीबाईच्या टोपलीतलीही फुलं उचलली, चोळली, नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि भर बाजारात ओरडले, "हा मागच्या वर्षीचा माल आहे. इतक्या वर्षांचा भरोसा, आन् तू मले फसवून राह्यली?"

अब्बांचा आवाज मोठा होता. नाल्यापलीकडे बैल बांधलेली माणसं उभी राहून बघायला लागली.

सोमीबाई म्हणाली, "सेठ, या हप्त्यातच वेचला. अंगणात वाळवला. तू पुन्हा बघ."

"बघतलं."

तिने टोपली उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या व्यापाऱ्यांनी तिचा माल घेताना त्या दिवसापासून भाव पाडला. ज्या नाकावर सगळा बाजार चालायचा, त्या नाकाने निकाल दिला होता. कोणी पोत्याच्या तळाशी हात घालून बघितलं नाही. मीही तिथे होते. मला फुलांचा वास येत होता. पण मला वाटलं, अब्बांना कळतं ते मला कुठलं कळणार.

तीनेक वर्षांनी एसटीडी बूथवरून रफीकचा फोन आला. अब्बांचा उजवा हात हलतो. काम करताना नाही, स्वस्थ बसले की. अंगठा पहिल्या बोटावर फिरत राहतो. "मोह चोळून पाहते ना, तसाच," रफीक म्हणाला. "लोकं म्हणते, सेठ झोपेतही माल तपासते." तो हसला, मीही हसले. पुढच्या ईदला घरी गेले तेव्हा हसू आलं नाही. अब्बांचा चेहरा सपाट झाला होता. चालताना पाऊल उचलत नव्हतं, घासत होतं.

पोचूभाऊ रोज संध्याकाळी येऊन बसायचे. भला माणूस, आमच्या अडीअडचणीला धावणारा. तेच एक दिवस आवाज खाली आणून मला म्हणाले, "बाई, राग नको मानू. पण सेठ तिले बोलले ना, तवापासूनच हे लागलं. तिनं काहीतरी केलं असन."

"तिनं म्हणजे कोणी?"

"आता नाव काऊन घ्या लावते? तुले समजते."

मला समजत होतं. आमच्या भागात असं नाव घेतलं गेलं की त्या बाईचं पुढे काय होऊ शकतं तेही समजत होतं. बाजारात गेले. सोमीबाई पूर्वी विहिरीजवळ इतर बायांच्या ओळीत बसायची. आता ती पार टोकाला, नाल्याच्या काठावर एकटी बसली होती. बाया तिच्या टोपलीपासून पोरांना लांबून नेत होत्या. आधी चोर ठरली होती, आता चेटकीण ठरत होती, आणि दोन्हीची सुरुवात आमच्या घरातून झाली होती. मी "जोहार" म्हटलं. तिने मान हलवली. चारोळीचा द्रोण दिला नाही.

घरी रफीकला विचारलं, तू मानतोस का हे? तो म्हणाला, "मानत नाई. पण तिच्याकडून घेतही नाई." अम्मीने तावीज बांधला होता. अब्बा काहीच बोलत नव्हते, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला सगळ्यात जास्त संशय आला. त्यांनाही तसंच वाटत होतं का?

आजार खरंच त्या भांडणामुळे लागला का, याचं उत्तर मला उंदरांनी दिलं.

आमच्या संस्थेत त्या सुमारास कंपवाताच्या आजारावर काम सुरू झालं. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. माझ्या कुलपाच्या कपाटात एक नवी बाटली आली, रोटेनोन. काही झाडांच्या मुळांत सापडणारं विष. कीड मारायला आणि पाण्यातले मासे मारायला ते वापरतात. ते मी रोज मोजून, दोन सह्या घेऊन द्यायची. कशासाठी ते विचारणं माझं काम नव्हतं, पण माझ्या कपाटातून विष बाहेर जातंय आणि मला ठाऊक नाही, हे मला चालत नाही. विभागाच्या मॅडमनी चहाच्या वेळी समजावलं.

शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्न आणि प्राणवायू वापरून पेशीला लागणारी सगळी ताकद तिथे तयार होते. जळतं तिथे ठिणग्या उडणारच. निरोगी पेशी त्या ठिणग्या विझवत राहते, तिच्याकडे तशी सोय असते. पण भट्टी बिघडली की ताकद कमी आणि ठिणग्या जास्त. विझवणं पुरेनासं होतं. त्या ठिणग्या पेशीची भिंत, तिची प्रथिनं आणि पुन्हा ती भट्टीच जाळतात. भट्टी अजून बिघडते. याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मला आमच्या घरची पावसाळ्यातली चूल आठवली. ओलं लाकूड घातलं की आच कमी, धूर जास्त, आणि धुराने डोळे चोळत बसलेल्या अम्मीला दुसरं लाकूडही धड घालता येत नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर, तसंच. मेंदूच्या पेशींना ताकद फार लागते आणि त्या मेल्या तर त्यांच्या जागी नव्या सहसा येत नाहीत. म्हणून त्यांचं नुकसान भरून निघत नाही. ज्या पेशी हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन बनवतात त्या मेल्या की हात हलतो, पाय घासतो, आवाज बारीक होतो. रोटेनोन नेमकं त्या भट्टीवर बसतं आणि ती बिघडवतं. म्हणून उंदरांना ते देऊन आजार कसा सुरू होतो ते बघायचं.

त्यांची एक चाचणी होती. पिंजऱ्यातल्या भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरायचा आणि उंदीर किती वेळात शोधतो ते बघायचं. एकदा मी भुशाची नवी पोती घेऊन गेले तेव्हा ती चालू होती. विष न दिलेला उंदीर सरळ गेला आणि उकरून तुकडा काढला. विष दिलेला उंदीर फिरत राहिला. बिस्किटाच्या वर उभा राहिला आणि तरी पुढे गेला.

"याचे पाय तर चालतायत," मी म्हटलं.

"पाय नहीं, नाक गई," मॅडम म्हणाल्या. "आदमी में भी कई बार ऐसा ही होता है. हाथ हिलने से बरसों पहले."

मी पोतं तिथेच खाली ठेवलं. यंदा मोहाले वासच नाई.

पण मी अब्बांची मुलगी. एका उंदरावर भरोसा ठेवणार नव्हते. गोष्टी क्रमाने लावल्या. भांडण १९९४च्या हंगामात. हात त्यानंतर. लोक म्हणत, आधी भांडण, मग आजार. मला एवढंच बघायचं होतं की नाक कधी गेलं. अम्मीला फोन केला आणि विचारलं, अब्बा जेवणाला नावं कधीपासून ठेवायला लागले?

अम्मीला तारखा आठवत नाहीत, भांडणं आठवतात. "रफीक की दसवीं के साल से. बोलते थे, मसाले में दम नहीं, दुकानदार ने मिलावट की है. तीन दुकानें बदलवाईं. मैं तब भी बोली थी, मसाला नहीं बदला, आदमी बदल गया है."

रफीकची दहावी १९९२ची. म्हणजे सोमीबाईवर ओरडायच्या दोन वर्षं आधीच नाक जायला लागलं होतं. तिच्या मोहाला वास होता, आणि भांडण झालं तेव्हा आजार आमच्या घरात येऊन बसलेला होता. तिने काही केलं असतं तरी ते आजार आल्यानंतर. रागाच्या आधी सूड कोणी घेत नाही. एवढं साधं होतं.

मी लगेच दुसऱ्या संशयाकडे धावले. गोदामात किड्यांसाठी एक पांढरी पावडर यायची. अब्बा ती वर्षानुवर्षं उघड्या हाताने पोत्यांवर भुरभुरवायचे आणि त्याच हाताने फुलं चोळून नाकाशी न्यायचे. मॅडमना म्हटलं, तेच ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. किडीच्या औषधांचा आणि या आजाराचा संबंध दिसतो, पण एकाच माणसाकडे बोट दाखवून "याला यानेच झालं" असं कोणी सांगू शकत नाही. आधी भट्टी बिघडते म्हणून पेशी मरते, की पेशी आजारी म्हणून भट्टी बिघडते, यावरही अजून वाद चालू आहेत. नाक तर साध्या सर्दीनेही जातं. मग त्या जे बोलल्या ते मी जपून ठेवलंय: "शक रखो. इल्ज़ाम मत रखो."

संशय ठेवायचा, ठपका ठेवायचा नाही. आमच्या घरात या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्याच नव्हत्या. रफीकला मात्र त्याच दिवशी सांगितलं, गोदामात हातमोजे घाल, तोंडाला कापड बांध. तो म्हणाला, "लोकं हासन." म्हटलं, हसू दे.

अब्बांना हैदराबादला आणलं. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी हात आणि पाय बरेच सुधारले. आजार मात्र थांबत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामू एक महागडी बाटली घेऊन आले, कसल्या तरी फळाचा रस, पेशीतल्या सगळ्या ठिणग्या विझवणारा म्हणे. मी मॅडमना लेबल दाखवलं. कागदावर पटतं, त्या म्हणाल्या, पण अशा बाटलीने रुग्ण बरे होतात हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. मामू रुसले. रस मुलांनी संपवला.

मग एका दुपारी मी अब्बांसमोर बसून सगळं क्रमाने सांगितलं. दहावीचं वर्ष, मसाला, मोह, भांडण, हात. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. अंगठा बोटावर फिरत होता. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे माल चांगला होता."

"हो अब्बा."

"बाजारात बोललो. बाजारातच सांगा लागते."

घरात अब्बा आमच्याशी हिंदीतच बोलत. हे मात्र ते बाजाराच्या भाषेत बोलले.

पुढच्या मोहाच्या हंगामात त्यांना घेऊन गेले. बाजाराचा दिवस होता. सोमीबाई नाल्याकाठीच बसली होती, केस पांढरे झालेले. अब्बा माझ्या खांद्याला धरून तिच्या टोपलीपाशी उभे राहिले आणि बोलायला लागले. आवाज निघेना. शेजारी कोंबड्यांची ओरड, पलीकडे कॅसेटवाल्याचा भोंगा.

"का म्हणते सेठ?" सोमीबाई म्हणाली. "मोठ्यानं बोल ना. त्या दिवशी तं नाल्यापल्याड आयकू गेलं होतं."

अब्बा पुन्हा बोलले. ओठ हलले फक्त. मी म्हटलं, मी सांगते. त्यांनी मला हाताने थांबवलं. "नाई. मी बोललो होतो."

सोमीबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि कान त्यांच्या तोंडापाशी नेला. ते काय म्हणाले ते मला जवळ असूनही अर्धंच ऐकू आलं. "तुह्या मोहाले वास होता. माह्या नाकाले नव्हता."

तिने त्यांच्या हलणाऱ्या हाताकडे बघितलं. मग टोपलीतली चार फुलं घेऊन त्या हातात ठेवली. अंगठा आपोआप फिरायला लागला, फुलं चोळली गेली. आणि ती हसली. "आता बरा तपासून राह्यला."

अब्बाही हसले असावेत. त्यांच्या चेहऱ्यावर आता कळत नसे.

"पण मले सांगून का होते, सेठ?" ती म्हणाली. "मले तं माहीतच होतं. त्याईले सांग." आणि तिने हनुवटीने सगळा बाजार दाखवला. विहिरीजवळची ओळ, व्यापाऱ्यांची पालं, चहाच्या टपरीवर बसून आमच्याकडे बघणारे पोचूभाऊ.

अब्बांनी मान हलवली. गोळीनंतर तासभर आवाज जरा खुलायचा. ठरलं की पुढच्या बाजाराला गोळीची वेळ साधून यायचं आणि विहिरीच्या ओट्यावर उभं राहून सांगायचं. रफीक भोंगेवाल्याशीही बोलून आला. दोन दिवसांनी अब्बा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर उठलेच नाहीत. पावसाळ्याआधी गेले.

त्यानंतर मी एकदाच नेमकी बाजाराच्या दिवशी पोचले. त्या दिवशी बंद पुकारलेला होता, बाजार भरलाच नाही. पोचूभाऊंना मी घरी बसवून सगळं समजावलं आहे. ऐकून घेतात, चहा पितात आणि म्हणतात, "असन बाई. तुमी शिकलेले लोकं." त्यांना ते मी सांगून पटणार नाही. अब्बांचा आवाज जिथपर्यंत गेला होता तिथपर्यंत दुसरा आवाज गेला पाहिजे.

रफीक दर हंगामात मला मोहाची पुडी पाठवतो. मी डोळे मिटून ती नाकाशी धरते. मुलं हसतात, आई चेक करते म्हणतात. अजून वास येतो. तो आला की दोन गोष्टी एकदम कळतात, माझं नाक शाबूत आहे आणि गावातलं काम राहिलंय. इतक्या वर्षांनी घर म्हणजे माझ्यापुरतं तेवढंच आहे. भिंती रफीकच्या नावावर झाल्या, अम्मी आता माझ्याकडे असते. पण त्या बाजारात आमच्या घराचं एक वाक्य अजून फिरतं आहे, आणि ते चुकीचं आहे.

यंदाची पुडी परवा आली. रफीकने आत चिठ्ठी टाकलीय: हा माल सोमीबाईचा आहे, ती अजून नाल्याकाठीच बसते. बल्लारशापर्यंतचं रेल्वेचं तिकीट काढलं आहे, पुढच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे. काय बोलायचं ते मराठीत, बाजाराच्या भाषेत पाठ केलं आहे.

विहिरीच्या ओट्यावर उभं राहून ते मोठ्यानं बोलायचं बाकी आहे.